सेल्मर त्वेटच्या घरचा रस्ता

सेल्मर त्वेटची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी खडीवर पालथा पडलो होतो, मानेवर हवाई दलाचा बूट होता, आणि तिसरं महायुद्ध सुरू केल्याचा मान माझ्या टोपीकडे जातो की काय, या काळजीत मी होतो.

त्याचं झालं असं. मी गारपीट विम्याचा माणूस. उत्तर डकोटात जुलै महिन्यात गारा पडल्या की गहू आडवा होतो, शेतकरी ताडकन उभा राहतो आणि त्या दोघांच्या मध्ये कंपनी मला पाठवते. सेल्मरच्या घराचा पत्ता मला सांगितला होता तो असा : पांढऱ्या चर्चवरून उत्तरेला, मग मिसाइलपाशी डावीकडे. आमच्या भागात पत्ते असेच सांगायचे. कुणाकडे वडाचं झाड असतं, कुणाकडे पोस्टाची पेटी असते, आमच्याकडे जमिनीत पुरलेली क्षेपणास्त्रं होती. मी मिसाइलपाशी गाडी थांबवली, खाली उतरलो, आणि वाऱ्याने टोपी उचलली. आमच्याकडचा वारा टोपी नेतो तेव्हा ती परत येईल म्हणून थांबायचं नसतं, सरळ शेजारच्या मिनेसोटा राज्यात जाऊन घेऊन यायची असते. पण ही टोपी जवळच उतरली, तारेच्या कुंपणाच्या आत, काँक्रीटच्या त्या भल्यामोठ्या झाकणावर. टोपी नवी होती. मी शेजारच्या शेतातलं एक उंच सूर्यफूल मोडलं आणि त्याचा दांडा जाळीतून आत घातला.

माझ्या मते मी टोपीला जेमतेम गुदगुल्या केल्या असतील. पण जमिनीखाली कुठेतरी काहीतरी चाळवलं, तिथून ते हवाई दलाच्या तळावर कळलं, तळावरून बहुधा राष्ट्राध्यक्षांच्या पलंगाशेजारची घंटा वाजली, रशियात कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवला, आणि धुळीचा लोट उडवत एक चिलखती गाडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यातून दोन पोरगेलेसे शिपाई उतरले. त्यांच्या बंदुका त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या. एकाने मला झोप म्हटलं. मी झोपलो. आयुष्यात इतक्या चटकन मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर येऊन थांबला आणि त्यावरून एक उंच, वाकलेला, पांढुरक्या भुवयांचा माणूस हातात थर्मास घेऊन सावकाश उतरला. त्याने खाली वाकून माझं तोंड पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं, आणि शिपायांना म्हणाला, "हा गारपीटवाला आहे. गोळी घालायची तर घाला, पण आधी त्याला माझा गहू बघू दे."

मग त्याने आम्हा तिघांना कॉफी दिली. ती कॉफी इतकी पातळ होती की पेल्याच्या तळाशी लिहिलेलं कारखान्याचं नाव वाचता येत होतं. पुढची अठरा-वीस वर्षं मी ती कॉफी पीत आलो आणि त्या पहिल्या दिवसापासून तो मला गारपीटवाल्या म्हणत आला.

त्या झाकणाखाली जे होतं त्याला सेल्मर 'आमचा भाडेकरू' म्हणायचा. सरकारने साठच्या दशकात त्याच्या वडिलांच्या गव्हाच्या मधोमध एकराएवढा तुकडा घेतला, ऐंशी फूट खोल खड्डा खणला आणि त्यात तो भाडेकरू आणून ठेवला. सेल्मर त्याचे गुण गायचा. दारू नाही, गाणीबजावणी नाही, पाहुणेरावळे नाहीत, तीस वर्षांत एकदासुद्धा साखर मागायला आला नाही. त्याच्या डोक्यात तीन बॉम्ब आहेत आणि तो अर्ध्या तासात पृथ्वीच्या पलीकडे पोचतो, हे सेल्मर अशा आवाजात सांगायचा, जशा आवाजात दुसरा एखादा आपला भाचा डॉक्टर झाल्याचं सांगेल. आमच्या राज्यात असे भाडेकरू शेकड्यांनी होते. उत्तर डकोटा वेगळा देश झाला तर अण्वस्त्रांत जगात तिसरा नंबर लागेल, असं आमच्या कॅफेत सगळे म्हणायचे आणि मग पुन्हा बीटच्या भावाकडे वळायचे. त्या तीन बॉम्बांनी कुणाची शहरं जाणार आणि त्यांच्या बॉम्बांनी आधी कोणाची शेतं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माणूस कशाच्याही शेजारी राहू शकतो. सेल्मर त्या कुंपणाला खेटून पेरणी करायचा आणि वळताना ट्रॅक्टरवरून दोन बोटं उचलून झाकणाला नमस्कार करायचा, जसा तो वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला करायचा.

एरवी हा माणूस मुंगीवर पाय देणारा नव्हता. घरात कोळी दिसला तर त्याला पेल्यात धरून गोठ्यात सोडायचा, आणि थंडी असेल तर गोठ्याच्या उबदार बाजूला. बोलायचा इतकं कमी, की त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला आपणच फार बडबडे आहोत असा न्यूनगंड यायचा. त्याच्या वाटणीचं सगळं त्याची बायको बोलायची.

बोर्गहिल्ड. साडेचार फूट उंचीची, गोल, आणि जिभेला धार अशी की सेल्मर दाढी कशाने करतो हा प्रश्न पडावा. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा तिने बटाट्याच्या लेफ्सा पोळ्यांची चळत समोर ठेवली आणि म्हणाली, "खा. नुकसानभरपाई कमी लिहिणारी माणसं नेहमी अशीच वाळकी असतात." त्यांना मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षं ती दोघं त्या माळावर एकमेकांना चिडवत राहत होती आणि मला वाटतं, जगाची त्यांना तेवढीच गरज होती.

मग बोर्गहिल्डची मूत्रपिंडं गेली.

आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, तिला शहरातल्या रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावं लागायचं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सात मैल खडीचा रस्ता, तिथून पुढे शहर तासाभरावर. उन्हाळ्यात ही काही मोठी गोष्ट नव्हती. पण आमच्याकडे उन्हाळा हा पाहुणा आहे, घर हिवाळ्याचंच. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या माळावर वारा बर्फ इकडून उचलतो आणि तिकडे ठेवतो, आणि ठेवायला त्याला रस्त्याइतकी सोयीची जागा सापडत नाही. बर्फाचे ढिगारे कुंपणाच्या वर जातात आणि दोन दिवसांत असे घट्ट होतात की त्यावर गाय चालते.

इथे भाडेकरू कामाला आला. नियम असा होता की हवाई दलाच्या माणसांना त्या झाकणापर्यंत केव्हाही, कुठल्याही हवेत पोचता आलं पाहिजे. म्हणून वादळ थांबलं की काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, बर्फ काढायची गाडी आधी मिसाइलच्या रस्त्यावर यायची. मग शाळेची बस जिथून जाते तिथे, मग बाकीच्या लोकांकडे. त्यासाठीचा खर्च सरकारचा, खडी सरकारची, रस्ता उंच आणि रुंद केलेला तोही सरकारने. आमच्या भागात मुली लग्न ठरवताना विचारायच्या की मुलाचं घर मिसाइलच्या रस्त्यावर आहे का. सेल्मरचं होतं. पाच हिवाळे गेले आणि बोर्गहिल्डची एकही खेप चुकली नाही. पाय घसरून पडलेल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या आपापल्या घरी अडकून असायच्या, आणि ही पिवळ्या गाडीच्या मागोमाग दिमाखात शहराला निघायची. ती म्हणायची, "माझी एक किडनी देवाने नेली, दुसरी सैतानाने, आणि तिसरी संरक्षण खात्याने दिली."

आणि मग जगात शांतता आली.

करार झाला. रशियाने काही क्षेपणास्त्रं काढायची, आपण काही काढायची. आमच्या भागातले सगळे खड्डे रिकामे होणार असं ठरलं. हे सांगायला तळावरचे अधिकारी चर्चच्या तळघरात आले, पडद्यावर चित्रं दाखवली, बायकांनी खजुराच्या वड्या आणि ती सुप्रसिद्ध कॉफी ठेवली. पास्टरनी देवाचे आभार मानले आणि मला आठवतं, दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. तीस वर्षं कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण भीती होती, ती त्या दिवशी खांद्यावरून उतरल्यासारखी वाटली. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाला काही शंका. आमच्यात सभेत प्रश्न विचारणं म्हणजे अंगावर कपडे नसताना उभं राहण्यासारखं आहे. तरी सेल्मर उभा राहिला. आधी त्याने खुर्ची नीट मागे सारली.

"मग बर्फ कोण काढणार?" त्याने विचारलं.

तळघर हसून कोसळलं. अधिकारीही हसले. सेल्मर त्वेट वर्षातून एकदा विनोद करतो आणि यंदाचा फारच जमला, असं सगळ्यांना वाटलं. हसणं थांबल्यावर अधिकारी अदबीने म्हणाले की तो काउंटीचा विषय आहे. काउंटीचा माणूस मागच्या रांगेतून म्हणाला की रस्त्यावर जितकी घरं असतील त्याप्रमाणे नंबर लागेल. सेल्मरच्या रस्त्यावर घर एकच होतं. तो खाली बसला. बोर्गहिल्डने त्याच्या बशीत आणखी एक वडी ठेवली.

तेव्हापासून मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. मी ज्याच्याइतका निरुपद्रवी माणूस दुसरा पाहिला नाही, तो माणूस जगातलं वैर टिकावं म्हणून मनापासून झुरू लागला. रेडिओवर रशियाच्या बातम्या लागल्या की आवाज वाढवायचा. तिकडे कुणी सेनापती काही आडवंतिडवं बोलला की त्याच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. दोन राष्ट्राध्यक्ष हात मिळवताना दिसले की जेवण जायचं नाही. रविवारी पास्टर राष्ट्राराष्ट्रांतल्या सलोख्यासाठी प्रार्थना करायचे तेव्हा अख्खं चर्च आमेन म्हणायचं आणि माझ्या शेजारी सेल्मर ओठ मिटून बसायचा. एकदा बाहेर पडल्यावर मी त्याला छेडलं, की तुला काय रे, युद्ध हवंय का.

त्याने बराच वेळ हातमोजे घातले. "युद्ध कशाला हवंय," तो म्हणाला. "थोडा संशय राहावा. दोघांनी एकमेकांवर थोडासा संशय ठेवला, तर तेवढ्यावर बोर्गहिल्डचं भागेल."

यावर मला हसू आलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या शेतात लांबलचक बंद गाडी आली, आकाशात हेलिकॉप्टर, पुढे-मागे बंदूकवाले. झाकण सरकलं, गाडी त्याच्यावर उभी राहिली, दिवसभर काहीतरी चाललं, आणि गाडी निघून गेली. आत भाडेकरू होता की नव्हता, हे बाहेरून कळायची सोय नव्हती. ती गाडी भरलेली आणि रिकामी सारखीच दिसे, शत्रूला कळू नये म्हणून. शत्रूला कळलं की नाही ठाऊक नाही, सेल्मरला कळलं नाही. कुंपण तसंच होतं. झाकण तसंच होतं. खांबावरचे दिवे जळत होते.

मग हिवाळा आला, नोव्हेंबरात पहिलं वादळ झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाची गाडी सगळ्यात आधी सेल्मरच्या रस्त्यावर आली.

आता आमच्या भागातल्या माणसांचं एक लक्षात घ्या. वर्तमानपत्रावर आमचा विश्वास नाही, सरकारवर तर नाहीच. पण बर्फाच्या गाडीवर आहे. ती कुठे आधी जाते यावरून आम्ही राजकारण ओळखतो. काउंटीच्या निवडणुकीत कोण कोणाचा, कुणाचा मेव्हणा कुठे लागला, कुठल्या रस्त्याखाली काय आहे, हे सगळं आम्हाला त्या पिवळ्या गाडीने शिकवलेलं. कॅफेत चर्चा झाली आणि एकमत झालं, की भाडेकरू हललेला नाही. करार दाखवायला केला, गाडी रिकामी नेली. एक म्हणाला, आपलं सरकार कितीही मूर्ख असलं तरी रिकाम्या खड्ड्यासाठी डिझेल जाळणार नाही. सेल्मरने त्या दिवशी सगळ्यांच्या कॉफीचे पैसे दिले. हे पाहून दोघं जण त्याची तब्येत विचारायला त्याच्या घरी गेले.

त्याच डिसेंबरात शहरातून फोन आला. रुग्णालयाच्या समोरच वयस्कर लोकांसाठी सरकारी फ्लॅट होते, तिथे तळमजल्यावरचा एक मोकळा झाला होता. बोर्गहिल्डच्या नर्सने त्यांचं नाव घातलं होतं. आठवड्याच्या आत कळवायचं होतं. मी त्या संध्याकाळी तिथेच जेवायला होतो. बोर्गहिल्ड म्हणाली, जाऊ या. घर कुठे पळून जात नाही, शेत दुसऱ्याला कसायला देऊ. सेल्मर म्हणाला, गरज काय. रस्ता साफ होतोय.

"आणि खड्डा रिकामा असेल तर?"

"रिकाम्या खड्ड्याला कोण रस्ता करून देतं?"

"सरकार," बोर्गहिल्ड म्हणाली. "मी चाळीस वर्षं तुझ्यासाठी रोज दोन भाज्या करते, तू एकच खातोस. सवय असते माणसाला."

पण तिलाही जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं. ते तिचं होतं. ती आणखी दोनदा जाऊ या म्हणाली, मग ताटं उचलायला लागली, आणि सेल्मरने दुसऱ्या दिवशी फोन करून नको म्हणून सांगितलं.

खरी गोष्ट नंतर समजली, आणि ती इतकी साधी होती की तिचा राग येतो. हवाई दलाचा काउंटीशी बर्फ काढण्याचा करार जागा परत देईपर्यंतचा होता. खड्डा रिकामाच होता. खड्ड्यातलं पाणी उपसायला महिन्यातून एकदा एक माणूस यायचा. त्याच्यासाठी ती गाडी येत होती.

पुढच्या सप्टेंबरात त्यांनी तो खड्डा सुरुंगाने उडवला. गावातले लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. कुणीतरी आइस्क्रीमचं भांडं आणलं होतं. जमीन एकदा उचकी लागल्यासारखी हलली, धूळ वर गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खड्डा काही दिवस उघडा ठेवायचा होता, रशियनांना आकाशातून बघता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सेल्मर काठापर्यंत गेला. बोर्गहिल्ड आणि मी ओसरीवर बसून त्याला बघत होतो. रशियनांनी कितीसं पाहिलं असेल कोण जाणे, पण सेल्मरने दुपारभर पाहिलं. फुटलेलं काँक्रीट, वाकलेल्या सळ्या आणि हिरवट पाणी. परत आला, पायरीवर बसून बूट काढले.

"आत काहीच नव्हतं," तो म्हणाला.

"मी तेच म्हणत होते," बोर्गहिल्ड म्हणाली. पण टोमणा मारताना नेहमी असतो तो सूर तिच्या आवाजात नव्हता. तिने त्याचे बूट उचलले आणि आत नेऊन ठेवले.

फ्लॅटसाठी त्याने पुन्हा नाव घातलं. आता पुढे बरीच माणसं होती. आम्ही सगळ्यांनी तिला आपापल्या घरी बोलावलं, अख्ख्या मंडळीने, पास्टरच्या बायकोने तर खोली रंगवून घेतली. बोर्गहिल्ड कुठेही गेली नाही. मला म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात आजारी माणसाला बरं असल्याचं नाटक करावं लागतं, गारपीटवाल्या. मला आता तेवढा दम नाही."

त्या हिवाळ्यात बर्फ काढायच्या यादीत सेल्मरचा रस्ता शेवटून दुसरा आला. शेवटचा होता तो कुण्या शहरातल्या माणसाच्या शिकारीच्या झोपडीचा. पहिल्या वादळानंतर शेरीफने खास गाडी पाठवली आणि मागून रुग्णवाहिका. दुसऱ्या वेळी सेल्मरने स्वतः ट्रॅक्टरने वाट केली, सात मैलांना सहा तास लागले, शहरात पोचेपर्यंत रात्र झाली, तरी नर्स थांबली होती. त्यानंतर जानेवारी उजाडला आणि वादळं एकामागून एक येऊ लागली. एक उठायच्या आत दुसरं बसायचं. चालकांना पुढचं दिसेना म्हणून काउंटीने आपल्या गाड्याही आत घेतल्या. कुणाचा दोष नव्हता. मी फार शोधला.

एक खेप चुकली. मग दुसरी. मी रोज फोन करायचो. बोर्गहिल्डचे पाय सुजले होते, श्वास लागत होता, तरी फोनवर ती मला म्हणाली की ती सेल्मरला अंडं उकडायला शिकवतेय आणि विद्यार्थी मठ्ठ आहे. मागून वाऱ्याचा आवाज येत होता. सेल्मरने ट्रॅक्टर तीनदा बाहेर काढला होता आणि तीनदा गोठ्याच्या पलीकडे तो रुतला होता. तिसऱ्यांदा तो आत आला तेव्हा त्याचे गाल पांढरे पडले होते, आणि तो दारातच भिंतीला टेकून सरकारला शिव्या देऊ लागला. त्याने आयुष्यात शिव्या दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्या नीट जमत नव्हत्या. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, वसंतात, ट्रॅक्टरच्या सावलीत बसून, एकेक वाक्य जड पोतं उचलावं तसं उचलत.

बोर्गहिल्डने त्याला पलंगापाशी बोलावलं. "त्यांच्यावर कशाला ओरडतोस," ती म्हणाली. "त्यांना खड्ड्यातल्याची भीती वाटायची, म्हणून ते रस्ता ठेवायचे. माझी कुणाला भीती वाटते, सेल्मर? तुझ्याशिवाय?"

तो म्हणाला, मला वाटते. ती हसली, आणि त्याला म्हणाली की मग तूच रस्ता कर. त्याने पुन्हा कोट चढवला. तिने त्याची बाही धरली आणि सोडली नाही.

ती गुरुवारी दुपारी गेली. शुक्रवारी आकाश निळं झालं. काउंटीची पिवळी गाडी आली आणि तिच्या मागे शववाहिका, कारण आमच्याकडे मयत असेल त्या घरचा रस्ता आधी साफ करायची पद्धत आहे. मीही त्यांच्या मागे होतो. सात मैल दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती आणि मधे खडी दिसेपर्यंत खरवडलेला रुंद रस्ता.

दाखल्यावर मृत्यूचं कारण मूत्रपिंड निकामी होणे असं लिहिलं आहे, आणि ते खरंच आहे.